‘तगर म्हणजे आजचं तेर’ : एका मार्कामागची ११३ वर्षं



पेट असो, नेट-सेट असो नाहीतर एमपीएससी, तयारी करणाऱ्या प्रत्येकाकडे एक वही असतेच. वन-लायनरची. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. परीक्षेच्या आदल्या रात्री ती वही खरोखर उपयोगाची असते, त्यामुळे मी तिची थट्टा करणार नाही. पण त्याच वहीतून थेट संशोधनात शिरायचं म्हटलं की अडचण सुरू होते. संशोधनात उजवीकडच्या उत्तराला किंमत कमी असते. ते उत्तर कुणी, कशाच्या आधारावर आणि किती खात्रीने दिलं, याला जास्त असते.

आज त्या वहीतल्या पाच ओळी घेऊ या.

१. हवामान : मोसमी वाऱ्यांचा शोध कोणी लावला? हिप्पालस.
२. समुद्र : ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हा ग्रंथ कोणत्या समुद्राविषयी आहे? तांबडा समुद्र.
३. इतिहास आणि साहित्य : प्राचीन ‘तगर’ म्हणजे आजचं कोणतं गाव? तेर, जिल्हा धाराशिव.
४. स्थळ : तेरचं त्रिविक्रम मंदिर मूळचं काय? बौद्ध चैत्यगृह.
५. विज्ञान : पाण्यावर तरंगणाऱ्या विटा कुठे आहेत? तेर.

वहीत या ओळी पाच वेगवेगळ्या पानांवर असतात. प्रत्यक्षात पाचही ओळी धाराशिव शहरापासून साधारण २० किलोमीटरवर, तेरणा नदीकाठच्या एकाच गावाशी जोडलेल्या आहेत. (जुन्या पुस्तकांत जिल्हा ‘उस्मानाबाद’ असा सापडेल. २०२३ पासून अधिकृत नाव धाराशिव. म्हणजे वन-लायनरचं उत्तर सरकारी अधिसूचनेनेही बदलतं!)

तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. गोरोबांची एक गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने विचारलं, काका, यातलं कच्चं मडकं कोणतं ते सांगा. गोरोबांनी मडकी घडवायचं थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव मात्र चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं अजून कच्चं आहे. आपल्याला या पाच ओळींना तेच करायचंय. थापटणं मारायचं आणि आवाज कसा येतो ते ऐकायचं.

ओळ पहिली : वारा कुणी ‘शोधला’?

‘पेरिप्लस’ हा इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याचा ग्रीक मजकूर. लेखक अज्ञात आहे, पण इजिप्तमध्ये राहणारा आणि समुद्रव्यापार जवळून माहीत असणारा माणूस असावा. बंदरं, त्यांतली अंतरं, कुठे काय विकत घ्यावं, काय विकावं, याची ही व्यापाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका आहे. तिच्यात एका ठिकाणी हिप्पालस नावाच्या नावाड्याने बंदरांच्या जागा आणि समुद्राचा आकार लक्षात घेऊन खुल्या समुद्रातून थेट जाण्याचा मार्ग काढला, असं म्हटलंय. वहीतल्या पहिल्या उत्तराचा उगम हा.

आता शेजारचे पुरावे बघा. रोमन लेखक प्लिनी ‘हिप्पालस’ हे नाव वाऱ्याला वापरतो. त्यामुळे हा खरंच माणूस होता की वाऱ्याच्या नावावरून नंतर माणूस तयार झाला, अशी शंका अभ्यासकांनी घेतली आहे. दुसरा पुरावा स्ट्राबोचा. तो एक जुनी हकिकत नोंदवतो : तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर एक भारतीय नाविक अर्धमेल्या अवस्थेत सापडला, त्याला ग्रीक शिकवलं गेलं आणि त्याने युडॉक्सस नावाच्या माणसाला भारताची वाट दाखवली. ही गोष्ट इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरची, म्हणजे ‘पेरिप्लस’च्या दीडशेहून जास्त वर्षं आधीची आहे.

तिसरा पुरावा खुद्द ‘पेरिप्लस’मध्येच आहे. भडोच बंदराजवळ (ग्रीक नाव बॅरिगाझा) नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी इतकी अवघड आहे, की राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी आपल्या होड्या घेऊन पुढे येतात आणि परदेशी जहाजांना ओढत बंदरात आणतात, असं लेखक लिहितो. पाण्याचं ज्ञान तिथल्या माणसांकडे होतं, हे तो सहज सांगून जातो.

नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या नाविकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांनी तो आपल्या सोयीसाठी वापरायला सुरुवात केली, इतकंच फार तर म्हणता येतं. ‘शोध लावला’ या दोन शब्दांनी बाकी सगळ्या नावाड्यांचं श्रेय पुसलं जातं. मडकं कच्चं.

ओळ दुसरी : तांबडा समुद्र, पण कोणता?

‘एरिथ्रा’ म्हणजे ग्रीकमध्ये तांबडा. म्हणून भाषांतर ‘तांबडा समुद्र’ होतं. पण त्या काळच्या ग्रीक लेखकांच्या दृष्टीने या नावात आजचा तांबडा समुद्र, अरबी समुद्र, इराणचं आखात आणि पुढचा हिंदी महासागर हे सगळं येत होतं. ‘पेरिप्लस’ आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जातं, सिंधूच्या मुखाशी जातं, कोकण-केरळ करत गंगेपर्यंत पोहोचतं. नकाशावरच्या आजच्या तांबड्या समुद्रापुरतं ते असतं, तर त्यात तगर येण्याचं कारणच नव्हतं.

इथे एक सवय लावून घ्या. जुन्या मजकुरातलं ठिकाणाचं नाव वाचलं की ‘त्या काळी या नावात काय काय येत होतं’ हा प्रश्न आधी विचारायचा. भाषांतर नंतर.

ओळ तिसरी : तगर म्हणजे तेरच का?

हा लेखाचा मुख्य भाग. ‘पेरिप्लस’मध्ये दख्खनच्या (तिथे ‘दखिनाबदेस’, आपला दक्षिणापथ) बाजारपेठांपैकी दोन विशेष महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या आहेत. एक पैठण, भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर. दुसरं तगर, पैठणपासून पूर्वेला सुमारे १० दिवसांवर, ‘फार मोठं शहर’. या ठिकाणांहून गाड्यांवर लादून, धड वाटा नसलेल्या मोठ्या प्रदेशातून माल भडोचला उतरतो. पैठणहून रंगीत खडे भरपूर, तर तगरहून साधं कापड पुष्कळ, मलमलीचे प्रकार, शिवाय समुद्रकाठच्या प्रदेशांतून तगरला येणारा माल.

पैठण ओळखायला कुणाला त्रास झाला नाही. नाव टिकून होतं. तगर मात्र नकाशावर कुठेच नव्हतं. मग अंदाज सुरू झाले.

१७८८ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात लेफ्टनंट विल्फर्ड याने तगर म्हणजे देवगिरी-दौलताबाद असं मांडलं. पुढे भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं. हेन्री यूलने गुलबर्गा. रा. गो. भांडारकरांनी बीडजवळचं धारूर. ही सगळी मोठी माणसं. आणि १९०१ मध्ये पुराभिलेखांचा अभ्यासक जे. एफ. फ्लीट याने रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं : तगर म्हणजे तेर. १७८८ ते १९०१. मोजा, ११३ वर्षं होतात.

फ्लीटचं उत्तर टिकलं आणि बाकीची पडली. का? मी विज्ञान शाखेतून आलेय, त्यामुळे आधी अंतर मोजून पाहते. खालचे आकडे नकाशावरच्या सरळ रेषेचे, ढोबळ आहेत.

भडोच ते पैठण साधारण ३५० किलोमीटर. २० दिवसांची वाट, म्हणजे दिवसाला सरळ रेषेत १७-१८ किलोमीटर. वाट वळणाची असते, तेव्हा प्रत्यक्ष चाल याहून जास्त. बैलगाडीला हे शोभतं. याच हिशेबाने १० दिवसांत साधारण १७५ किलोमीटर व्हायला हवेत. आता पैठणपासून एकेक दावेदार बघू.

दौलताबाद : सुमारे ५० किलोमीटर, तेही उत्तरेला. दहा दिवस लागायचं कारण नाही. बाद.
गुलबर्गा : सुमारे २८५ किलोमीटर. दिवसाला २८ पेक्षा जास्त, लादलेल्या गाड्यांना आणि वाट नसलेल्या मुलखात अवघड.
जुन्नर : सुमारे १६० किलोमीटर. अंतर छान जुळतं! पण दिशा पश्चिम, म्हणजे बरोबर उलटी.
धारूर : सुमारे १०५ किलोमीटर, आग्नेयेला. दिशा चालेल, अंतर कमी पडतं.
तेर : सुमारे १५० किलोमीटर, आग्नेयेला, थोडं दक्षिणेकडे झुकतं. अंतर जुळतं, दिशा अर्धवट जुळते.

जुन्नरचं उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवा. एकच निकष लावला असता, फक्त अंतराचा, तर जुन्नर हे तेरपेक्षाही सरस ठरलं असतं. एका निकषावर पूर्ण जुळणारं उत्तर दुसऱ्या निकषावर पूर्ण चुकीचं असू शकतं.

पण तेरचा निकालही एवढ्यावर लागत नाही. ‘पूर्वेला’ म्हटलंय आणि तेर आग्नेयेला आहे. भर म्हणजे दुसऱ्या शतकातला भूगोलकार टॉलेमी याने दिलेल्या अक्षांश-रेखांशांप्रमाणे तगर पैठणच्या ईशान्येला पडतं. म्हणजे विरोधातला पुरावाही आहे आणि तो लपवून चालत नाही. जुन्या ग्रंथकारांच्या दिशा ऐकीव असत. भडोचपासून पैठण खरं तर आग्नेयेला आहे, तेही ‘पेरिप्लस’ दक्षिणेला सांगतं. त्यामुळे दिशेला वजन कमी द्यायचं. पण कमी दिलं की अंतर-दिशेचा हा एकटा पाय पुरत नाही. दुसरे पाय हवेत.

दुसरा पाय भाषेचा. संस्कृतमधला स्वरांमधला ‘ग’ प्राकृतात झिजतो आणि त्याजागी ‘य’ येतो. सागरचं सायर होतं. नगरचं नयर, आणि त्यातून नेर. अमळनेर, संगमनेर, पारनेर ही नावं रोज आपल्या तोंडात असतात. त्याच चाकोरीत तगरचं तयर, आणि तयरचं तेर. ही खास तेरसाठी रचलेली कसरत नाही. महाराष्ट्रभर दिसणारा तो नियम आहे, म्हणून तो पुरावा ठरतो. ‘तगर’पासून ‘धारूर’ करायला असा नियम मिळत नाही.

तिसरा पाय लेखांचा. बदामीच्या चालुक्यांच्या दुसऱ्या पुलकेशीच्या, इ.स. ६१२ च्या सुमाराच्या हैदराबाद ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी आहे. म्हणजे सातव्या शतकात तगर नावाची वस्ती होती. नंतर कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेतात. राज्य कोकणात आणि बिरुद तगरचं! यावरून काहींनी तगर शिलाहारांच्या मुलखाच्या आसपास शोधायचा प्रयत्न केला. पण हे बिरुद आपल्या आडनावांसारखं वाचायला हवं. पैठणकर आडनावाचा माणूस पुण्यात राहतो. आडनाव सांगतं ते पूर्वज कुठून आले ते, आजचा पत्ता नव्हे.

याच पायाला साहित्याचा आधार आहे. अकराव्या शतकाच्या सुमाराला कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य लिहिलं. त्यात ‘तेरापूर’ नावाचं नगर येतं आणि त्याच्या जवळच्या डोंगरात राजाला पार्श्वनाथाची मूर्ती असलेलं लेणं सापडतं. हीरालाल जैन यांनी १९३४ मध्ये हे काव्य संपादित करून प्रसिद्ध केलं आणि तेरापूर म्हणजे तेर, लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, अशी जोड घातली. फ्लीटच्या लेखानंतर ३३ वर्षांनी, त्याच्याशी संबंध नसलेल्या एका ग्रंथातून ‘तेर’ हे रूप समोर आलं. स्वतंत्रपणे आलेला पुरावा म्हणतात तो हा.

चौथा पाय जमिनीचा, आणि तो सगळ्यात वजनदार. एखादी जागा पहिल्या-दुसऱ्या शतकातलं ‘फार मोठं शहर’ असेल, तर त्या काळचा कचरा तिथे मिळालाच पाहिजे. नाही मिळाला, तर भाषा आणि अंतर कितीही जुळो, दावा पडतो. फ्लीटच्या लेखामागोमाग हेन्री कझेन्सने तेरची पाहणी केली. तिचा वृत्तांत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९०२-०३ च्या अहवालात आहे. पुढे १९५८ मध्ये चापेकरांनी उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९६९ मध्ये आला, आणि नंतरही वेळोवेळी खोदकाम झालं. सातवाहनांची नाणी, पांढऱ्या केओलिन मातीच्या साच्यातल्या मूर्ती, मणी, शंख आणि हस्तिदंताच्या वस्तू, रोमन धाटणीचे मातीचे दिवे, रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं. जमिनीने होकार दिला.

एक शंका तुमच्याही मनात आली असेल. तेरहून कल्याण जवळ. सरळ रेषेत सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. पैठणमार्गे भडोच ५००. मग व्यापारी लांबच्या बंदराला का जात होते? उत्तर ‘पेरिप्लस’च्या पुढच्याच परिच्छेदात आहे. कल्याणला पूर्वी खुला बाजार होता, पण आता तिथे वाट चुकून आलेली ग्रीक जहाजंही पहाऱ्यात भडोचला नेली जातात. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या संघर्षाचा तो काळ. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या जवळपास दोन-तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. तेरच्या विणकराचं कापड कोणत्या बंदरावर चढणार, हे असं शेकडो किलोमीटर दूर ठरत होतं.

आणि वारा? ‘पेरिप्लस’ सांगतं, इजिप्तहून भडोचला निघायची योग्य वेळ जुलै. परतीबद्दल प्लिनी लिहितो, की भारतातून डिसेंबरमध्ये, उशीर झालाच तरी १३ जानेवारीच्या आत निघावं. आता तेरची काळी माती डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडचा पाऊस जून ते सप्टेंबर. त्या चिखलात लादलेली गाडी आसापर्यंत रुतते. तेर ते भडोच एकूण ३० दिवस. म्हणजे दसऱ्याच्या सुमारास वाटा वाळल्यावर गाड्या सुटल्या, तर दिवाळीच्या आगेमागे माल भडोचला पोहोचतो आणि जहाजं सुटायला महिना-दीड महिना उरतो. गाड्या दसऱ्यालाच निघत असं कुठल्या ग्रंथात लिहिलेलं नाही. हे माझं अनुमान आहे, आणि प्रबंधात लिहिताना ते ‘अनुमान’ म्हणूनच लिहायला हवं. पण एकाच मोसमी वाऱ्याने समुद्रावरची जहाजं आणि मराठवाड्यातल्या बैलगाड्या एका वेळापत्रकात बांधल्या होत्या, असं यातून सुचतं. पुढे तपासण्यासारखा प्रश्न हाती लागतो.

तगर म्हणजे तेर, या मडक्याचा आवाज खणखणीत आहे. पण त्याला भाजायला ११३ वर्षं लागली, आणि पाचेक विद्वानांच्या चुकलेल्या उत्तरांचाही त्यात वाटा आहे. चुकलेल्या उत्तरांमुळेच कोणकोणते निकष लावायला हवेत ते कळत गेलं.

या ओळीला चिकटून एक उपओळ फिरते, ती सांभाळून वापरा : ‘इटलीतल्या पाँपेईला सापडलेली हस्तिदंती मूर्ती तेरला बनली.’ ही मूर्ती १९३८ मध्ये सापडली आणि आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली शहर गाडलं गेलं, त्याआधीची ती नक्की. तेरला आणि जालना जिल्ह्यात भोकरदनला तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत. मात्र पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतली खूण आहे, आणि ती लिपी मुख्यतः वायव्य भारतातली. मूर्ती दख्खनची आणि खूण वाटेतल्या व्यापाऱ्याची, असं असू शकतं. दुसरंही काही असू शकतं. ‘शैली जुळते’ आणि ‘इथेच बनली’ या दोन वाक्यांत बरंच अंतर आहे. मुलाखतीत परीक्षक नेमकं त्यावरच बोट ठेवतात.

ओळ चौथी : आकारावरून धर्म ठरतो का?

तेरचं त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या बांधकामांत गणलं जातं. त्याची मागची बाजू अर्धगोल आणि छत गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं. कार्ले-भाज्याच्या चैत्यगृहांचा आकार असाच असल्यामुळे कझेन्सने हे मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं असं म्हटलं. तेरला विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेषही मिळालेत, त्यामुळे गावात बौद्ध वस्ती होती यात शंका नाही.

पण तर्काची साखळी तपासा. ‘चैत्यगृहं गजपृष्ठाकार असतात’ हे खरं. ‘म्हणून प्रत्येक गजपृष्ठाकार वास्तू चैत्यगृह’ हे त्यातून निघत नाही. ऐहोळेचं दुर्ग मंदिरही मागून अर्धगोल आहे आणि ते हिंदू मंदिर आहे. म्हणून कझेन्सचं मत ‘शक्य’ या रकान्यात ठेवायचं, ‘सिद्ध’मध्ये नाही. वहीत ‘असावं’ हा शब्द गळाला की मत वस्तुस्थिती बनतं.

ओळ पाचवी : तरंगणारी वीट

तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं. फॉरवर्ड केलेल्या मेसेजमध्ये त्याचा चमत्कार होतो. यात चमत्कार काही नाही. घनता पाण्यापेक्षा कमी असली की वस्तू तरंगते. साधारण भाजलेली वीट पाण्याच्या दीडपट ते दुप्पट जड असते. मातीत भाताचं तूस किंवा तत्सम भुसा भरपूर मिसळला, तर भट्टीत तो जळून जातो आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. वीट हलकी होते. मंदिराच्या वरच्या भागात, शिखरात आणि छतात हलकी वीट वापरणं बांधकामाच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे.

पण प्रश्न इथे संपत नाही. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतील तर पाणी हळूहळू आत शिरतं आणि वीट काही वेळाने बुडते. बंद असतील तर तरंगत राहते. म्हणजे ‘तरंगते का?’ हा अपुरा प्रश्न झाला. ‘किती वेळ तरंगते, आणि भिजल्यावर वजन किती वाढतं?’ हा मोजता येणारा प्रश्न. त्याच्या उत्तरातून कारागिराने भट्टी किती तापवली, काय मिसळलं, याचा माग लागतो. पदव्युत्तर पातळीचा एक नीटनेटका प्रकल्प यातून उभा राहतो. अर्थात संरक्षित वास्तूच्या विटेला रीतसर परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हे सांगायला नकोच.

जाता जाता : पांढरीची माती

हे सगळं आज आपण बोलू शकतो, त्यामागे गावातल्याच एका माणसाचं मोठं काम आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं गावात आणि शिवारात मिळणाऱ्या प्राचीन वस्तू जपल्या. हजारो वस्तूंचा तो संग्रह पुढे शासनाकडे गेला आणि आज त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तेरला आहे. त्यांनी जपलं नसतं, तर यातलं कितीतरी मोडीत गेलं असतं किंवा परदेशी संग्राहकांच्या कपाटात.

त्याच वेळी संशोधक म्हणून एक गोष्ट समजून घ्या. पावसात पांढरीवर उघडा पडलेला मणी आणि उत्खननात चौथ्या थरात, नाण्याशेजारी मिळालेला मणी, हे दोन्ही हातात सारखेच दिसतात. पण दुसऱ्याला काळ आहे, शेजार आहे. पहिल्याला फक्त रूप आहे. जुन्या वस्तीची पांढरी माती घरांच्या धाब्यांवर, भिंतींसाठी, शेतात घालायला गावोगाव नेली गेली आणि अजूनही नेली जाते. तिच्याबरोबर थर जातात. वस्तू संग्रहालयात परत येऊ शकते, थर येत नाही. फ्लीटचं उत्तर पक्कं करायला जमिनीने जशी मदत केली, तशी मदत पुढच्या संशोधकाला मिळेल की नाही, हे आपल्या गावच्या टेकाडावर ट्रॅक्टर कधी चढतो यावर आहे.

तेव्हा आता तुमचं काम. आपापली वन-लायनरची वही काढा आणि आपल्या जिल्ह्याबद्दलची एकच ओळ निवडा. तिच्यासमोर चार रकाने आखा : हे पहिल्यांदा कुणी म्हटलं, कोणत्या वर्षी, कशाच्या आधारावर, आणि विरोधात काय आहे. चौथा रकाना रिकामा राहिला तर समजा, शोध अजून पुरेसा झालेला नाही. चारही भरले, तर संशोधन आराखड्याच्या ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या प्रकरणाची पहिली दोन पानं तुमच्या हातात आहेत.

पुढच्या लेखात हा आढावा प्रत्यक्ष कसा लिहायचा ते पाहू. तोवर शक्य झालं तर तेरला जाऊन या. गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घ्या, संग्रहालय बघा, आणि त्रिविक्रम मंदिराला मागच्या बाजूनेही एक चक्कर मारा. वाद ज्या आकारावरून सुरू झाला, तो तिथूनच दिसतो.